एक्स-रेच्या पाकिटातला कर्नल

मालकांच्या घरात भाडेकरूनं काय करावं, काय करू नये, याला फारशी बंदी नव्हती. मटण शिजवा, मित्र आणा, रेडिओ मोठ्यानं लावा, कुलूप न लावता गावाला निघून जा. बंदी एकच होती: मधल्या खोलीत पातळ काहीही घेऊन यायचं नाही. मी पहिल्याच दिवशी उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन आत शिरलो. एक माझा, एक त्यांचा. ओळख वाढावी, एवढाच शुद्ध हेतू. मालक खुर्चीतून असे ताडकन उठले, की माझ्या मागून साप येतोय असं मला वाटलं. मी गर्रकन मागे वळलो आणि दोन्ही ग्लास माझ्याच पायांवर रिकामे झाले.

"सगळा चपलेतच गेला का?" मालकांनी विचारलं.

"हो."

"मग हरकत न्हाई." आणि ते परत बसले.

त्यांच्या समोर टेबलावर पिवळा पडलेला एक कागद होता. त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक, उजवीकडं कललेलं इंग्रजी, आणि तळाशी चाबूक ओढल्यासारखी सही. "ब्रिगेडियर हाय," मालक हलक्या आवाजात म्हणाले. मी नमस्कार केला. कागदाला. त्या घरातली माझी पायरी तिथंच ठरली.

ही नगरची गोष्ट. पाटीवरचं नाव आता बदललंय, माझ्या तोंडातलं अजून बदलायचंय. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणून नुकताच लागलो होतो आणि भिंगारच्या बाजूला मालकांच्या घरात एक खोली घेऊन राहत होतो. मालकांची सगळी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपात गेली. रणगाड्यांच्या सुट्या भागांचे ते स्टोअरकीपर. उंच, हडकुळे, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक भिंग. जुन्या लष्करी माणसांनी सही केलेली पत्रं जमवणं हा त्यांचा उद्योग. छंद म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "छंद म्हंजी पतंग," ते म्हणायचे. "ह्याला ड्यूटी म्हनत्यात."

पत्र हातात घेण्याआधी ते साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. पुसायचे नाहीत, कारण टॉवेलला तेल असतं. दोन्ही हात वर धरून, पकडलेल्या चोरासारखे ते अंगणात फेऱ्या मारायचे. हात आपोआप वाळेपर्यंत. या वेळात कुणी दार वाजवलं तर कोपरानं कडी काढायचे. पोस्टमन नवा असला की दचकायचा. "कागदाला घाम चालत न्हाई आन् घाई चालत न्हाई," हे त्यांचं वाक्य मी दिवसातून चारदा ऐकलं असेल. त्यातलं पहिलं मला पाळता आलं नाही, कारण मला घाम फार येतो. दुसरं का पाळता आलं नाही, ते पुढं सांगायचंच आहे.

पत्रं ठेवायची त्यांची पद्धत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. ती असायची एक्स-रेच्या पाकिटांत. दवाखान्यातून मिळतात ती मोठी खाकी पाकिटं. पत्र न मुडपता आत बसतं. ओळखीपाळखीत कुणाचं हाड मोडलं की मालक भेटायला जायचे, बिस्किटाचा पुडा द्यायचे आणि येताना पाकीट मागून आणायचे. पाकिटावर डॉक्टरांनी लिहिलेलं ते खोडत नसत. त्यावरूनच सगळी मांडणी होती. गुडघे म्हणजे मेजर. मणके म्हणजे कर्नल. खांदे म्हणजे ब्रिगेडियर. आणि 'छाती' असं लिहिलेलं एकच पाकीट, त्यात जनरल. शाळेच्या पुस्तकात ज्याचं नाव असतं असा खराखुरा जनरल.

"क्लार्कसाहेब, जरा डावा गुडघा काढा," असं ते आतून ओरडायचे, आणि माझ्याकडं आलेला पाहुणा माझ्या पायाकडं बघायचा.

काकू, म्हणजे मालकीणबाई, या सगळ्याकडं लग्नापासून बघत आलेल्या. त्यांचा पत्रांवर राग नव्हता, पण आदरही नव्हता. जेवायची वेळ झाली की दारातून विचारायच्या, "तुमच्या मेजरचं ताट वाढू का तुमचं एकट्याचंच?"

मालकांचं इंग्रजी या पत्रांतूनच आलेलं. त्यामुळं बोलताना ते चहासुद्धा मागू शकत नसत, पण लिहिताना व्हाइसरॉय वाटायचे. गल्लीतली गटार तुंबली तेव्हा त्यांनी नगरपालिकेला अर्ज केला. गटारीच्या सद्यःस्थितीकडं आपलं लक्ष वेधण्याचा बहुमान मला लाभत आहे, अशी सुरुवात आणि आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक असा शेवट. तिसऱ्या दिवशी माणूस आला. गटार उपसायला नाही. हा अर्ज कुणी लिहिला ते बघायला. पण आला. मी पदवीधर असून त्या पत्रांतली एक ओळ मला लागत नसे. मी भिंग धरून 'हॉर्स' असं वाचायचो आणि मालक शांतपणे सांगायचे, "ते 'होप' हाय."

आता पत्रं कशासाठी, ते सांगतो. हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, भाडं ठरवताना सांगावं तितक्या सहज.

मालकांचं गाव श्रीगोंदा तालुक्यातलं. गावात चावडीच्या भिंतीत एक दगड बसवलेला आहे, इंग्रजांच्या वेळचा. त्यावर इंग्रजीत लिहिलंय की या गावातून सतरा माणसं पहिल्या महायुद्धाला गेली. आकडा आहे, नावं नाहीत. मालकांच्या वडिलांचं म्हणणं असं, की त्या सतरांत आपला बाप होता. खेचरांच्या तुकडीत होता, इराकमधल्या बसऱ्याच्या वाळवंटात दारूगोळा आणि पाणी वाहून नेत होता. गाव म्हणायचं, तुमचा म्हातारा मुंबईला गोदीत हमाली करून आला आणि लढाईच्या बाता मारतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीवरचं माणूस लढाईला गेलं, हे चावडीवरच्या लोकांना पटायला जड जात होतं. वडील भांडायला गेले की एकच उत्तर मिळायचं: "कागद दाखव."

कागद नव्हता. घराला एकदा आग लागली होती, त्यात जे काय होतं ते गेलं. उरलं एवढंच, की आज्यानं परत आल्यावर जो पहिला बैल घेतला, त्याला आपल्या कर्नलचं नाव ठेवलं होतं. बैलामुळं ते नाव घरात टिकलं. वडील वारले तेव्हा मालक वर्कशॉपात नवे होते. त्या वर्षापासून त्यांनी शोध सुरू केला. जुन्या बंगल्यांचे लिलाव, रद्दीची दुकानं, टेबलाच्या खणात तळाशी अंथरलेले कागद. दर रविवारी एम-एटी स्कूटरवर बसून ते जिल्हा पालथा घालायचे आणि म्हाताऱ्या फौजींच्या दारात उभं राहून विचारायचे, "घरात साहेबाची चिठ्ठी हाय का हो?" काही लोक त्यांना स्थळ घेऊन आलेले समजायचे, काही जप्तीवाले. पुणतांब्याला एका आजीनं कुठल्याशा कॅप्टनची चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली होती आणि रोज तिला कुंकू लावत होती. सही कुंकवाखाली गडप झालेली. मालकांनी ती मागितली नाही. पाया पडले, मजकूर वहीत उतरवून घेतला आणि परत आले. "तिथं कागदाची बदली करायची गरज न्हवती," म्हणाले. "चांगल्या पोस्टिंगवर हुता."

त्या कर्नलचं मात्र एकही पत्र त्यांना मिळालं नव्हतं. दुसऱ्या सह्या जमत गेल्या, गुडघे वाढले, मणके वाढले. बैलाच्या नावाचा माणूस काही सापडेना.

मीही मदत केली. माझी मदत म्हणजे काय, हे एव्हाना लक्षात आलं असेल. त्यांच्या वाढदिवसाला मी जुन्या बाजारातून एका मोठ्या सेनापतीचं सही केलेलं पत्र आणलं. विकणाऱ्यानं ते तीन फडक्यांत गुंडाळून, इकडं तिकडं बघून दिलं होतं, म्हणजे अस्सलच. मालकांनी हात धुतले, अंगणात फेऱ्या मारल्या, पत्र उजेडाला धरलं, मग नाकाजवळ नेलं.

"चहात बुडवलंय," ते म्हणाले. पुन्हा वास घेतला. "आलं घातल्याला हाय."

माझा चेहरा पडला. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "आन् बॉलपेननं सही केलीय. ह्या सेनापतीच्या नातवालासुदिक बॉलपेन बघाया मिळालं नसंल." पण पत्र त्यांनी फेकलं नाही. पाकिटांत शोधून शोधून एक काढलं आणि त्यात ते ठेवलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'फ्रॅक्चर'.

मग ती बातमी आली, जिच्यामुळं सगळ्याला घाई झाली. गावाच्या ग्रामपंचायतीनं ठरवलं, की दगडाखाली नावांची एक चांगली मोठी पाटी लावायची. घराघरांत विचारून सोळा नावं जमली. सतरावं कुणाचं, यावर चर्चा झाली, आणि मालकांच्या आज्याचं नाव निघताच जुनं उत्तर पुन्हा निघालं. कच्ची यादी मालकांच्या पुतण्यानं मोबाईलवर फोटो काढून पाठवली. सोळा नावं, आणि सतराव्या ओळीवर लिहिलं होतं: 'व इतर'.

मालकांनी तो फोटो भिंग लावून पाहिला. मोबाईलवर भिंग.

"पुढल्या एक मेच्या ग्रामसभेत पक्कं करनार," ते म्हणाले. "एकदा पाटी लागली की लागली. मग माझा आजा कायमचा 'व इतर'."

पुण्याचे एक मोठे संग्राहक मालकांच्या मागं बरीच वर्षं होते. त्यांना 'छाती' हवी होती, म्हणजे तो जनरल. मालक द्यायला तयार नसत. त्या हिवाळ्यात ते गृहस्थ पुन्हा आले, लांबलचक गाडी गल्लीत अडकवून. बोलता बोलता म्हणाले, हल्ली काय काय कचरा विकत घ्यावा लागतो. कुठल्या तरी कचेरीच्या जुन्या रद्दीचा गठ्ठा घेतला, त्यात खेचरांच्या तुकडीच्या कुणा कर्नलची आठ पत्रं निघाली, त्यांना कोण विचारतो. आणि त्यांनी कर्नलचं नाव सांगितलं.

मी दारात उभा होतो. बैलाचं नाव मला माहीत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी ते तसंच मिटलं. हे माझ्या आयुष्यातलं दुर्मिळ शहाणपण, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

"आठ पत्रं द्या," मालक म्हणाले, "आन् जनरल घिऊन जा."

त्या गृहस्थांना आधी चेष्टा वाटली. मग त्यांनी इतक्या घाईनं होकार दिला, की निघताना त्यांचा चष्मा आमच्या टेबलावरच राहिला. आठवड्यानं पत्रं आली आणि जनरल गेला.

त्या संध्याकाळी मालकांनी हात दोनदा धुतले. आठही पत्रं एकाच सहीची, जिल्ह्याच्या कलेक्टराला लिहिलेली. लढाई संपल्यावर घरी परतणाऱ्या माणसांची एकेकाची शिफारस. मालक एकेक वाचून बाजूला ठेवत होते. सहाव्या पत्रावर थांबले. खुर्चीतून उठले, पुन्हा बसले.

"वाचा की मोठ्यानं," काकू दारातून म्हणाल्या.

ते वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. "सखनाकाचा मुलगा राघनाक, गाव आपलंच, तालुका श्रीगोंदा. माझ्या हाताखाली खेचरांच्या तुकडीत होता. वाळवंटात शत्रूनं पानी तोडलं तेव्हा सलग दोन दिस चालून पानी आनलं. हा माणूस..." मालकांनी भिंग आणखी जवळ धरलं. "हा माणूस त्याच्या ताब्यातल्या खेचरांइतकाच हट्टी आहे. तो जे मागंल ते त्याला द्यावं अशी माझी शिफारस आहे, कारण मिळंपर्यंत तो मागनं थांबवनार नाही."

"एवढ्यासाठी कर्नल कशाला पायजे हुता?" काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "ह्या घराण्याचं एवढं तर मी बी लिहून दिलं असतं. सही करून."

आज्याचं पत्र मालकांनी रिकाम्या झालेल्या 'छाती'च्या पाकिटात ठेवलं.

आता माझ्या कर्तबगारीकडं येऊ. ग्रामपंचायतीनं मूळ कागद आणि त्याची झेरॉक्स, असं दोन्ही मागितलं होतं. मालक कुठल्याही दुकानात तो कागद न्यायला तयार नव्हते. त्यांचा विश्वास एकट्या माझ्यावर, हे लिहिताना आजही मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. "तुमच्या कॉलेजातल्या मशीनवर काढा," ते म्हणाले. "उजेड एकदाच पडू द्या. हात धुऊन जा."

मी हात धुऊन गेलो. झेरॉक्स उत्तम निघाली. तिथं थांबायला हवं होतं. पण आमच्या ऑफिसात त्याच महिन्यात लॅमिनेशनचं नवं मशीन आलं होतं आणि त्याचा ताबा माझ्याकडं होता. त्या महिन्यात मी ओळखपत्रं, वेळापत्रकं, 'येथे थुंकू नये', प्राचार्यांच्या केबिनवरची 'मीटिंग चालू आहे' ही पाटी, सगळं लॅमिनेट केलं होतं. मशीन गरम होतं. पत्राच्या कडा झडत होत्या. माझ्यासमोर एक कपटा टेबलावर पडला. मला मालकांची दया आली. किती दिवस हा माणूस हात धुणार? मी पत्र प्लास्टिकमध्ये घातलं आणि मशीनला दिलं. ते दुसऱ्या बाजूनं हळूहळू बाहेर आलं: गुळगुळीत, चकचकीत, तळल्या पापडासारखं गरम. मला इतका अभिमान वाटला की मी शिपायाला बोलावून दाखवलं.

घरी आलो आणि ते पत्र मालकांच्या समोर झोकात ठेवलं. "घ्या मालक! आता शंभर वर्षं बघायला नको."

मालक सवयीनं मोरीकडं निघाले होते, हात धुवायला. अर्ध्या वाटेवर वळून त्यांनी टेबलाकडं पाहिलं. परत आले. न धुतलेल्या हातानं त्यांनी पत्राला स्पर्श केला, बोट प्लास्टिकवरून फिरवलं.

"जित्या माणसाला काचंत बसवलंत, क्लार्कसाहेब," ते म्हणाले.

मी ब्लेड आणायला धावलो. त्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ द्या. आता सोलाया गेलात तर मजकूरच निघंल. ते चिकटलं ते चिकटलं." ओरडले असते तर बरं झालं असतं. मी खोली सोडून जातो म्हणालो, नोकरी सोडतो म्हणालो, त्या मशीनवर दगड घालतो म्हणालो. काकू आल्या, पत्र उचललं, दिव्याकडं धरलं.

"अक्षर दिसतंय का? सही दिसतीय का?"

"दिसतीय," मालक म्हणाले.

"मग मयताला बसल्यासारखं काय बसलाय दोघं? जेवायला चला."

त्या रात्री मालक जेवले, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एक तारखेला तुमी बी चला गावाला. तुमच्या कामाचा जबाब तुमीच द्यायचा."

एक मेला सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. कारखान्यांचा हंगाम संपलेला, दोन्ही बाजूंना तुटलेल्या उसाचं पाचट, आणि ऊन आठ वाजताच डोक्यावर चढलेलं. मालकांच्या मांडीवर दोन पाकिटं होती. एक 'छाती'. दुसऱ्यावर 'उजवं मनगट' लिहिलेलं. त्यात काय आहे, मी विचारलं.

"राखीव फौज," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

चावडीपुढं मांडव घातला होता. गाव बऱ्यापैकी जमलं होतं. पुढं बागायतदार आणि म्हातारे फौजी, मागं वस्तीवरची माणसं, एका बाजूला बायका. पाटीचं काम उपसरपंचांकडं होतं. माणूस वाईट नव्हता. ऊस भरपूर, आवाज त्याहून भरपूर, आणि पाटीवर पहिलंच नाव त्यांच्या पणजोबांचं.

"या, या. आनला का कागद?"

मालकांनी पत्र दिलं. उपसरपंचांनी त्यावर नखानं टकटक केलं. मग कागद वाकवून पाहिला. त्या आवाजानं माझे कान गरम झाले.

"हे तर लॅमिनेशन हाय," ते म्हणाले. "असलं तहसीलला बी घेत न्हाईत. ही कलर झेरॉक्स झाली. मूळ कागद कुठं हाय?"

"तोच मूळ आहे!" मी उठून ओरडलो. "लॅमिनेशन मी केलंय त्याला."

"मूळ कागदाला प्लास्टिक? इतकं येडं मानूस असतं का कुठं?"

"असतं," मी म्हणालो. "मीच."

"आपन कोन?"

"भाडेकरू."

मांडव हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. "नगरचं पानीच तसलं हाय," कुणी तरी म्हणालं. उपसरपंचही हसले, आणि हसता हसता त्यांनी पत्र बाजूला सारलं. "ठीक हाय. सोळा नावं आन् 'व इतर'. पुढचा विषय घ्या."

माझ्या चाळीस मिनिटांच्या मशीनप्रेमानं एका माणसाची चाळीस वर्षं बाजूला सारली गेली होती. मी मालकांकडं बघू शकेना. पण मालक उठले होते.

"उपसरपंच, एक विचारू? तुमच्या पणजोबाचं नाव पाटीवर हाय?"

"पयलंच हाय."

"त्याचा कागद?"

"त्याला कागद कशाला? अख्ख्या गावाला माहीत हाय."

"आमच्या म्हाताऱ्याचं आमाला बी माहीत हाय!" मागून एक बाई ओरडली. मागं टाळ्या, पुढं कुजबुज.

मालकांनी हात वर केला. "गप ऱ्हावा जरा. मला साबन आन् पानी मिळंल का?"

ग्रामसभेत आजवर कुणी साबण मागितला नसावा. कुणी तरी हापशावरून बादली आणली, कुणी तरी दुकानातून साबणाची नवी वडी. मालकांनी सगळ्या गावासमोर कोपरापर्यंत हात धुतले. मग दोन्ही हात वर धरून ते चावडीपुढं फेऱ्या मारू लागले. एक फेरी. दुसरी फेरी. "काय चाललंय?" उपसरपंचांनी मला विचारलं. "वाळतायत," मी म्हणालो. सगळं गाव एका माणसाचे हात वाळायची वाट बघत बसलं. कुणी उठलं नाही.

मग त्यांनी 'उजवं मनगट' उघडलं. आत त्या आठांतलंच कर्नलचं दुसरं पत्र होतं. प्लास्टिक नसलेलं, कडा झडलेलं. ते त्यांनी उपसरपंचांच्या डोळ्यांसमोर धरलं, हातात दिलं नाही.

"हे तुमच्या पणजोबाचं हाय," मालक म्हणाले. "नाव वाचा. बापाचं नाव वाचा. गाव वाचा."

उपसरपंचांनी वाचलं. त्यांचा आवाज एकदम अर्ध्यावर आला. "पुढं काय लिवलंय?"

मालकांनी मराठीत सांगितलं. "ह्यो माणूस खेचरांना कधी मारत नाही. त्यांना गाणी म्हणून दाखवतो. त्याचा आवाज मोठा आणि बेसूर आहे, परंतु खेचरं ऐकतात."

मग पुढच्या रांगेतले एक म्हातारे फौजी म्हणाले, "घराण्यातच हाय म्हना की!" आणि काय हशा उसळला! उपसरपंच दर एकादशीला भजनात पहिला टाळ घेऊन उभे राहतात, हे मला काकूंनी नंतर सांगितलं. तेही हसत होते, पण उपरण्यानं डोळे पुसत.

"आमच्याकडं त्याचा फोटो बी न्हाई," ते म्हणाले. "नुसतं नाव हुतं. गात हुता व्हय?"

मालकांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी धरली. "आता ही सही बघा, आन् ही सही बघा. एक साहेब, एक आठवडा, एक शाई. हा कागद खोटा म्हणलात तर तो बी खोटा. तो खरा असंल तर हा बी खरा. बोला."

उपसरपंचांनी लॅमिनेशन उचललं, उन्हात नेलं, सहीवर सही धरून पाहिली. तोवर फौजी आले, बायका आल्या. प्लास्टिक नसलेल्या कागदाला मालक कुणाला हात लावू देईनात, म्हणून आज्याचं पत्रच सगळ्यांच्या हातात फिरलं. कुणी त्यावर चहा सांडला, कुणी धोतरानं पुसला. पत्राला काही झालं नाही. मी मालकांकडं आशेनं पाहिलं. ते म्हणाले, "लई हुरळू नका."

"सतरा लिवा," उपसरपंच पाटी रंगवणाऱ्या पेंटरला म्हणाले. "काय नाव लावायचं? आत्ताचं आडनाव?"

"साहेबानं लिहिलंय तेच. राघनाक सखनाक," मालक म्हणाले. "ह्याच नावानं गेल्ता. ह्याच नावानं परत आला."

"बरं. आन् हा कागद..." उपसरपंचांनी पणजोबांच्या पत्राकडं बोट दाखवलं. "ह्याचं काय घ्याल?"

"काय न्हाई. तुमचाच हाय. हात धुऊन घिऊन जावा."

"कधीपासून हुता तुमच्याकडं?"

"तीन महिनं."

"मग आदी का न्हाई दिला?"

"आदी दिला असता, तर तुमी मला चहा पाजला असता आन् वाटंला लावलं असतं."

उपसरपंच बादलीकडं गेले.

ग्रामसेवकांनी ठराव लिहिला आणि म्हणाले, इतिवृत्तासाठी सतरा नावं एकदा वाचून दाखवतो. ते पहिलं नाव वाचतायत तोच म्हातारे फौजी उठून उभे राहिले. "नावं वाचताय तर हजेरी घ्या. घरातलं कोन असंल त्यानं बोलायचं."

मग तशी हजेरी झाली. पहिल्या नावाला उपसरपंच ओल्या हातांनी ताठ उभे राहिले आणि "हजर!" म्हणाले. एकेक नाव, एकेक घर. कुणी म्हातारा, कुणी सून, एक मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून कोल्हापूरहून. ग्रामसेवक सतराव्या ओळीवर आले. चष्मा सारखा केला.

"राघनाक सखनाक."

मालक उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. नुसते ओठ हलले. ग्रामसेवकांनी मान वर केली, आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काकू उठल्या. पदर खोचलेला, हात कमरेवर.

"हजर!" त्या म्हणाल्या. सबंध गावाला, आणि पलीकडच्या वस्तीलाही ऐकू जाईल अशा आवाजात.

मागच्या सगळ्या रांगा उठून उभ्या राहिल्या. "हजर! हजर!" माझा त्या गावाशी काही संबंध नव्हता. मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो.